चाल, वेग, त्वरण आणि वाघोली

मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये दोन-तीन महिने काढले की गाडी येतेच असं नाही. किस्से मात्र येतात. रोज एखादा चपलेला चिखल लागावा तसा माझ्याबरोबर घरी यायचा. मित्र ऐकून हसतात. मलाही बहुतेकदा हसू येतं. घडत होते तेव्हा मात्र तळहाताला घाम फुटलेला असायचा.

मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. डॉक्टरेटही त्यातलीच. चाल, वेग, त्वरण यांतला फरक अकरावीच्या कितीतरी बॅचेसना समजावला. गाडी मात्र घरात माझी बायको सुधा चालवायची. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी तिचं ड्रायव्हिंग बंद केलं.

तिची थोरली बहीण, ताई, वाघोलीला अंथरुणाला खिळलेली. सुधा कॅबने जाऊन बघायची. परतीची मिळत नाही म्हणून आलेलीच थांबवून ठेवायची. "खाली तो हॉर्न वाजवतो आणि वर ताईचा डोळा लागलेला असतो," ती म्हणाली. "काय करू? हलवून उठवू?" मग तिचं जाणंच कमी झालं.

म्हणून मी सत्तरीला टेकलेला असताना गाडी शिकायला नाव घातलं. जमेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

*

पहिला दिवस. शिकवणारे सलीमभाई. आजोबांचा टांगा, वडिलांचा टेम्पो, असं पुण्यातलं जुनं चाकांचं घराणं. पहिलंच वळण घेऊन मी गाडी सदाशिव पेठेत एका दवाखान्यासमोर आणून उभी केलेली.

"सर, स्पीड वीसच्या वर नेऊ नका."

घाबरलो की मी शिकवायला लागतो. म्हटलं, "काट्यावर दिसते ती नुसती चाल. वेग म्हणायचं तर दिशाही सांगावी लागते."

सलीमभाईंनी समोर बघितलं, मग माझ्याकडे.

"दिशा ती पाटी सांगते सर. आपण आत्ता वन-वेमध्ये उलटं तोंड करून उभे आहोत!"

*

दुसऱ्या आठवड्यात भर चौकात सिग्नल सुटला. मागे हॉर्नचा गदारोळ.

"ॲक्सिलरेटर द्या सर, ॲक्सिलरेटर!"

मी दिला ब्रेक. गाडी आचका देऊन बंद पडली.

कानशिलं गरम झाली आणि माझं तोंड सुरू झालं. "तसं पाहिलं तर ब्रेकनेही त्वरणच मिळतं. ऋण त्वरण. स्टिअरिंग फिरवलं तरी मिळतं. म्हणजे गाडीत ॲक्सिलरेटर तीन असतात."

"असतील सर," सलीमभाई किल्ली फिरवत म्हणाले. "मागच्या बसवाल्याला त्यातला एकच माहीत आहे!"

*

आमच्याबरोबर शिकायला निकिता होती. अमरावतीची, आयटीत नोकरी. सलीमभाई एकाला पुढे बसवत आणि दुसऱ्याला मागे, म्हणजे बघून बघून शिकता येतं म्हणे. त्या दिवशी कात्रजच्या जुन्या घाटात ती चालवत होती. मी मागे. शेजारी सीटवर तिचा ऑफिसचा डबा.

वळण आलं. मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

"तीसवरच आहे सर. काहून घाबरता?"

"चाल तीसच आहे," मी म्हणालो, "पण वळणावर दिशा बदलते. दिशा बदलली की वेग बदलला. वेग बदलला की त्वरण आलं. आणि त्वरण आलं की..."

डबा सीटवरून घसरत आला आणि झाकण निघून माझ्या मांडीवर उलटला.

निकिताने आरशातून बघितलं. "समजलं सर! पण पुढच्या धड्याला भाजी नाही उरली!"

*

हा किस्सा आहे की नाही, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी घरी आलो. सुधा डोळ्यांत थेंब घालून मान मागे टाकून बसली होती. "आज किती गेलात?"

तिला हसवावं म्हणून म्हटलं, "भरपूर. पण घरून निघालो आणि घरीच आलो. विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य."

तिने डोळे मिटलेलेच ठेवले. "मग ताईकडे जाऊन आले तरी शून्यच धरायचं का?"

मी चहा ठेवायला आत गेलो.

*

परीक्षा. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची. शेजारी इन्स्पेक्टर, हातात पेन. आदल्या रात्री सुधाने मला विचारलं होतं, "उद्या मिळेल ना?" मी "हो" म्हणालो होतो. का म्हणालो होतो, देव जाणे.

मी चढावर थांबलो. हँडब्रेक सोडला. क्लच कुठवर सोडायचा, हे पायाला आठवेना.

"काढा," इन्स्पेक्टर म्हणाले.

"एक मिनिट साहेब. या क्षणी वेग शून्य आहे..."

"आहे?" ते शांतपणे म्हणाले. "मग ते झाड पुढे का चाललंय?"

नापास!

*

पुढच्या खेपेला नेमके तेच इन्स्पेक्टर. गाडीत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "काका, एक विनंती. आज काही समजावू नका."

ओठ घट्ट मिटून चढ चढलो. पास झालो. सलीमभाईंनी पेढा भरवला तेव्हा कुठे तोंड उघडलं.

*

लायसन्स आलं त्याच आठवड्यात ताईंच्या मुलीचा, मेघनाचा फोन. "मावशी, आई सकाळपासून काही बोलत नाहीये. डॉक्टर येऊन गेले. तू लवकर ये."

सुधा चपला घालून दारात उभी. मी म्हणालो, "कॅब बोलावू या का? मी अजून एकट्याने..."

"चला," ती म्हणाली.

नगर रस्त्याला लागलो. काटा तीसवर. डावीकडून रिक्षा पुढे गेल्या, उजवीकडून टँकर गेला. एक स्कूटरवाला खिडकीशी येऊन ओरडला, "आजोबा, पार्किंग पुढे आहे!"

सुधा हसली नाही. तिचा उजवा पाय मॅटवर दाबला जात होता. तिच्या मनात ॲक्सिलरेटर होता की ब्रेक, मला कळेना.

"वाढवू का थोडी?"

"तुम्ही फक्त थांबू नका."

मेघनाचा पुन्हा फोन. सुधाने तो नुसता कानाला लावून ठेवला.  दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. चाळीस केले. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे चाळीस.

जिन्यात सुधाचा हात धरला. दार उघडंच होतं. ताई डोळे मिटून पडलेल्या. सुधा पलंगावर टेकली, त्यांचा हात हातात घेतला. "ताई, मी आलेय गं."

काहीच नाही. मेघनाने तोंडाला पदर लावला. मी दारातच उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने ताईंचे ओठ हलले.

"कॅबने?"

"नाही गं. यांनी आणलं. हे चालवतात आता."

ताईंनी डोळे उघडले नाहीत.

"मग तू अजून पोचायची असशील."