सिस्टर सबीनांना काय हवं होतं

१९९३ साली इथे, कानडी मुलखात, आमच्या शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सबीना राहत. मूळच्या वसईच्या, म्हणून शिवाजीनगरच्या इस्पितळातली ड्युटी संपली की मराठी बोलायला माझ्याकडे येत. आमच्या ह्यांच्या शेवटच्या आजारात इंजेक्शनं त्यांनीच दिली. हात इतका हलका, की सुई काढून झाली तरी हे विचारत, "कधी देणार?"

त्या वर्षी त्यांच्या धर्मसंघाच्या अमेरिकेतल्या वृद्धाश्रमाला इथून एक सिस्टर हवी होती. कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदर लूर्डिनांनी सबीनांची निवड केली. धर्मभगिनी म्हणून व्हिसा लवकर मिळणार होता, पण तिकडचा नर्सिंगचा परवाना नसल्याने काम फक्त प्रार्थना घेण्याचं आणि सोबतीचं. नर्स म्हणून जायचं तर आधी परीक्षा, आणि त्यात वर्ष तरी जाणार. मदरनी पहिली वाट धरली. सबीना "हो मदर" म्हणाल्या आणि माझ्याकडे येऊन चहा निवेपर्यंत हे सगळं सांगत बसल्या.

"परीक्षा देते म्हणून सांगा की," मी म्हटलं.

"काकू, आम्ही 'मला हवंय' असं म्हणत नाही."

"मग जेवताना मीठ कसं मागता?"

"शेजारणीकडे भाजी सरकवायची. तिला आपोआप कळतं, आणि मीठ आपल्याकडे येतं."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मदर म्हटलं की अजून पाठ ताठ होते. तरी रविवारी सबीनांच्या सोबत मदरकडे गेले.

सबीनांनी तिथेही भाजीच सरकवली. "मदर, सिस्टर फ्लोरीन प्रार्थना किती छान घेतात! त्यांना पाठवलं तर?"

"म्हणजे तुला जायचं नाही?" मदरनी पेन उचललं. "सरी, ठीक आहे, फ्लोरीनला विचारते."

सबीना पांढऱ्याफटक पडल्या. मी खोकले.

"नाही मदर! मला जायचंय," त्या जवळजवळ ओरडल्याच. "पण नर्स म्हणून. मला पेशंट हवेत."

मदरनी पेन खाली ठेवलं. "आज्ञा पाळायचं व्रत घेतलंस, मुकं राहायचं नाही. नापास झालीस तर?"

"तर इथलेच पेशंट."

"मग अभ्यासाला लाग. आणि ह्या बाईंना खोकल्याचं औषध दे."

पुढच्या वर्षी त्या परीक्षा पास होऊन गेल्या. नाताळात पत्र आलं. त्यात बर्फाबद्दल एक ओळ होती. बाकी दोन पानं एका हट्टी म्हाताऱ्याबद्दल, जो इंजेक्शन फक्त त्यांच्याच हातून घेतो.