तुटायचा दोर

बद्रुद्दीन दोरवाल्याला दोन गोष्टींचा गर्व होता, दाढीचा आणि दोराचा. दाढी विरळच होती. दोर मात्र दमदार. कळवणकडचे शेतकरी मोटेचा नाडा घ्यायला नाशकात त्याच्याकडंच यायचे. प्रत्येकाला तो सांगायचा, "विहीर ढासळंल, बैल मरंल, पण नाडा तुटायचा नाय." बैल मेल्यावर नाड्याचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

चौतीस सालच्या थंडीत सरकारी हवाई दलाची तीन विमानं देवळालीजवळच्या माळावर कसरती दाखवायला आली. तिन्ही एकमेकांना दोरानं बांधून उडणार, कोलांट्या मारणार आणि बांधलेलीच उतरणार. दोराचं सांगायला हवाई दलाच्या साहेबाचा कारकून यादवराव आला.

"बद्रूभाई, दोर कच्चा पाहिजे. एखादं विमान वाकडं गेलं की पटकन तुटला पाहिजे. नायतर तिघंही खाली."

"कच्चा? माझ्या दुकानात?"

"साहेबाचा हुकूम हाय."

"हां हां," म्हणाला बद्रुद्दीन, आणि घरी जाऊन दुप्पट पेड घालून दोर वळायला बसला.

चाक फिरवता फिरवता त्याची बायको नूरबानो म्हणाली, "अजी, त्यांना तुटणारा पायजे ना?"

"सगळं नाशिक वर बघणार. माझा दोर तुटला तर उद्या मोटेला कोण घेईल?"

"आन् माणसं मेली तर?"

"माणसं सरकारची. दोर माझा."

खेळाच्या दिवशी साहेबानं दोर खांबाला बांधून दोन शिपायांना ओढायला लावला. मग चौघांना. शेवटी खांब उपटून आला. लोकांनी टाळ्या पिटल्या, बद्रुद्दीननं सलाम केला. साहेब लालबुंद झाला. दुसरा दोर आणायला वेळ नव्हता. यादवरावनं बद्रुद्दीनच्या हातात सुरी दिली.

"काप. चार ठिकाणी, अर्ध्यापर्यंत."

"रावसाहेब, दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसऱ्याला काय कळणार अर्धं कुठं संपतं ते?"

बद्रुद्दीननं कापला. मान दुसरीकडं वळवून, पण बरोबर अर्ध्यापर्यंत. हात कसबी होता ना.

दुसऱ्या कोलांटीला वारा आला, शेवटचं विमान भेलकांडलं आणि दोर तटकन तुटला. तिन्ही विमानं सुखरूप उतरली. त्याचं कौतुक तीन वैमानिकांना आणि एका साहेबाला. बाकी माळ ओरडत होता, "तुटला रे! बद्रूचा दोर तुटला!" पाच-पाच कोस चालत आलेल्यांना गावी जाऊन सांगायला काहीतरी पाहिजेच होतं.

बद्रुद्दीननं तुटका तुकडा मागून आणला आणि दुकानात खिळ्याला टांगला. बाजाराच्या दिवशी कळवणचा खंडेराव नाडा घ्यायला आला. तुकड्याकडं बघून गालात हसला.

"दादा, हसू नका. नीट बघा. पेड सुरीनं कापलेत. तुटला नाय, कापलाय."

खंडेरावनं तुकडा उजेडात धरला, बोटानं चाचपला. "खरंच की. कुणी कापला रं?"

बद्रुद्दीनचा हात दाढीवर गेला. "मीच."

"आन् हे नाडे कुणी वळलेत?"

"ते बी मीच."

खंडेरावनं तुकडा जपून परत खिळ्याला लावला, पायताण घातलं आणि समोरच्या दोरवाल्याच्या दुकानाची पायरी चढला.