वय एकट्या बोटांचं होत नाही

"हे वयाचं नाही, बाई. वय काय एकट्या बोटांचं झालं?" धुळ्याचे डॉक्टर माझे दोन्ही पंजे हातात घेऊन म्हणाले. रक्ताचा रिपोर्ट समोर होता. आजाराचं नाव र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे म्हणतात आमवात. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. उतारवयात गुडघे झिजतात ते वेगळं, ते ऑस्टिओआर्थ्रायटिस.

मला रडू आलं नाही, संताप आला. चार वर्षं मला सगळ्यांनी वयाचंच सांगितलं होतं.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी सोनगीरजवळच्या खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. पन्नाशी उलटली आणि सकाळी मूठ वळेना. दोन-दोन तास बोटं लाकडासारखी. खडू निसटायचा, पोलक्याचे हुक लागायचे नाहीत. गावातल्या डॉक्टरांनी हाताकडे न बघताच गोळ्या दिल्या. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "आते वय व्हयनं, दुखतीनच." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाही मला राग येतो.

मग कुणीतरी भुसावळच्या पलीकडच्या गावातला पुडीवाला सुचवला. पांढरी पुडी, दुधातून घ्यायची. तिसऱ्या दिवशी मी स्वतः पीठ मळलं. देव भेटल्यासारखं वाटलं. दोन वर्षं एसटीने जाऊन पुड्या आणल्या. चेहरा गोल झाला, तर शाळेतल्या बाया म्हणाल्या, तब्येत सुधारली. बोटं मात्र वाकडी होतच राहिली. दुखत नव्हती, इतकंच.

शेवटी ती वाकडी बोटं घेऊन मी धुळ्याला गेले. तो गोल चेहरा पाहूनच तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय घेता? मी पर्समधली पुडी काढून दिली.

"यात स्टेरॉइड असणार," ते म्हणाले. सूज झटक्यात उतरवणारं हे औषध. मोजून, देखरेखीत दिलं तर कामाचं. असं लपवून दिलं तर चेहरा असा गोल सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. माझी साखर वाढलेलीच निघाली.

मी म्हटलं, आजपासून पुडी बंद. डॉक्टरांचा आवाज एकदम चढला. "एकदम सोडायचं नाही. तुमच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलं असेल. जीव जाईल." तेच औषध आता गोळ्यांतून, थोडं थोडं कमी करत, कित्येक आठवडे घ्यायचं होतं. ज्याने फसवलं त्याच्याच तावडीतून हळूहळू सुटायचं. हे लक्षात ठेवा, कुणीही पुडी मनाने बंद करू नका.

महिन्याभराने मी पुडीवाल्याच्या गावी गेले. ओट्यावर वीसेक माणसं बसली होती. पुड्यांत काय असतं ते मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुडीवाला बाहेर आला नाही. रांगेतले एक म्हातारे, त्यांना सगळे नाना म्हणत होते, माझ्याकडे बघत राहिले. केळीच्या बागेत राबून गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "पुडी घेतली का मी बागेत उभा ऱ्हातो. तुमचा डॉक्टर मले इथं येऊन पाहीन का?"

परतीच्या एसटीत राग कमी झाला नाही, पण तो आता एकट्या पुडीवाल्यावर राहिला नाही. त्या गावात सांधे बघणारं दुसरं होतंच कोण?

पुढच्या तपासणीला मी नानांचा प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला. त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, रविवारी जाऊ.

आणि ते खरंच आले. त्या गावातल्या शाळेच्या पडवीत बसून संध्याकाळपर्यंत माणसं तपासली. नानांचे गुडघे झिजलेले निघाले. डॉक्टरांनी त्यांची पुडी सुटावी म्हणून गोळ्यांचा उतरता डोस लिहून दिला, मांडीचे व्यायाम करवून घेतले. उकिडवं बसू नका, काठी घ्यायला लाजू नका, असं बजावलं.

तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे आमवात आवरणारं औषध घेते, वेळच्या वेळी रक्त तपासून घेते. निवृत्तीपर्यंत खडू पुन्हा हातात धरता आला. उजव्या हाताची दोन बोटं सरळ झाली नाहीत, होणारही नाहीत.

डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर मानेन. पण एका रविवारी एक माणूस आला म्हणून इतकी वर्षं जे आलेच नाहीत त्यांना मी माफ केलेलं नाही.