जावई चालतो, मुलगा नाही

सासूबाईंना मी बारा वर्षं 'मामी' म्हणत आलो. आमच्या मालवणाकडे तसंच म्हणतात. त्यांना मूल एकच, माझी बायको. गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि त्या डिलाईल रोडला आमच्या खोलीत आल्या. बायकोची शाळेतली नोकरी पक्की, माझी करी रोडच्या टॉवरमधली सुपरवायझरची कच्ची. मग घरी कोण बसणार? मीच.

चाळीत लोक हसले. हसू देत! आंघोळ घालणं, कूस बदलणं, लघवीचं भांडं देणं, सगळं शिकलो. मामींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जावई म्हणजे मानाचा माणूस. त्याच्यासमोर त्यांनी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, आणि आता तोच त्यांचं भांडं उचलत होता. भांडं दिलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि मी रेडिओ मोठा करायचो.

एका पगारात घर ओढताना दम निघाला. मग कळलं, वारलेल्या सासऱ्यांच्या कंपनीची एक योजना आहे. निवृत्त कामगाराची बायको अंथरुणाला खिळली, तर तिला घरी सांभाळणाऱ्याला कंपनी पगार देते. फक्त तो माणूस तिचा मुलगा किंवा मुलगी नसावा. पोटच्या पोरांनी करायचंच असतं म्हणे. न चालणाऱ्यांत जावयाचं नाव नव्हतं. मी लगेच अर्ज केला. तो फेटाळला गेला तर मला पुन्हा नोकरी धरावी लागणार होती आणि मामींना वडाळ्याला, म्हाताऱ्यांना ठेवतात तिथे जावं लागणार होतं. त्यांनाही हे ठाऊक होतं.

कंपनीचे साहेब चौकशीला येणार त्या सकाळी मी दहा वेळा पढवलं, "मामी, एवढंच सांगायचं, जावई करतो." त्यांनी दहाही वेळा मान हलवली.

साहेबांनी विचारलं, "आजी, तुमचं सगळं कोण करतं?"

मामींनी डाव्या हाताने पदर पुढे ओढला. "जावयाक असली कामा कोण सांगता? माझो झील करता सगळा."

"झील म्हणजे मुलगा ना? कुठाय तो?"

"ह्यो काय उभो." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अरे देवा! मामींच्या तोंडावर साहेबांना काय सांगणार, या खोटं बोलतायत म्हणून? साहेबांनी लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेले.

दार लावलं आणि माझं डोकं फिरलं. "मामी, काय करून बसलात हे! जायचंय का वडाळ्याला?"

त्या रडायला लागल्या. "परक्या माणसासमोर तुमचो मान कसो घालवू? झिलान केला तर लाज नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्वतःचीच लाज वाटली.

आठवड्याने पत्र आलं. सांभाळणारी व्यक्ती रुग्णाचा मुलगा असल्याने अर्ज नामंजूर. मी तडक कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "लग्नाचा दाखला जोडा. आणि स्वतःच्या अक्षरात लिहून द्या, मी यांचा मुलगा नाही. खाली सही करा, होईल काम."

घरी येऊन मामींच्या खाटेशेजारी कागद घेऊन बसलो. चार शब्द लिहायचे, पण हात चालेना. दोन कागद फाडले.

"काय ता लिवतास?" मामींनी विचारलं.

"काही नाही, आई. रेशनकार्डाचं काम आहे."

बारा वर्षांत पहिल्यांदाच तोंडातून 'आई' निघालं. मामींच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता, तो त्यांनी पुढे ओढला नाही. त्यांना दिसू नये म्हणून मी कागद वळवून धरला, मी यांचा मुलगा नाही असं लिहिलं आणि खाली सही केली.