सात महिन्यांनी मोठी

शाळा सुरू होऊन महिना झाला होता. मी धुळ्यात एका शाळेत लिपिक आहे आणि त्या दिवशी उशिरा आलेल्या प्रवेशांचे अर्ज तपासत बसले होते. एका आईने जन्मदाखला आणला नव्हता, म्हणून मी तिला नेहमीप्रमाणे परत पाठवत होते. तेवढ्यात गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, अक्का गयी वं. सकायले उठनीच नही..." पुढे तो काही बोलला, ते मला ऐकू आलं नाही. समोरची बाई मात्र विचारतच होती, "मग मॅडम, उद्या आणू का?" मी मान हलवली. उद्या काय आणि परवा काय, मला त्या वेळी कशाचंच भान नव्हतं.

अक्का म्हणजे सुमनअक्का. चोपड्यापासून तासाभराच्या अंतरावर आमचं गाव. तिथल्या बालवाडीत ती मदतनीस होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि गावाच्या भाषेत सांगायचं तर 'रिकामटेकडी'. या रिकामटेकड्या बाईने गावठाणातल्या बाभळीच्या काटेरी तुकड्यावर मुलींसाठी खो-खोचं मैदान केलं. काटे तिने स्वतः वेचले. खांब म्हणून जुन्या वखराची दोन लाकडं रंधा मारून घेतली. रेघा चुलीतल्या राखेच्या. तालुक्याच्या गावी पोरांना व्यायामशाळा होती, क्रिकेट होतं, गणपतीत लेझीम होतं. मुलींना काय, तर हंडा आणि धाकटं भावंड. अक्काला हे सहन व्हायचं नाही, आणि न सहन होणारी गोष्ट ती तोंडाने बोलायची नाही, उठून करायला लागायची.

तिची रीत अशी, की पाचाच्या सुमारास ती घरोघर जायची. एखादी आई म्हणाली, पाणी भरायचं राहिलंय, पोर कशी येईल, तर अक्का पदर खोचून हंडा उचलायची. "तू तिले धाड, पानी मी भरस." दोन खेपा करून दारात हंडा ठेवला, की आईला नाही म्हणायला तोंड उरायचं नाही. एकेका संध्याकाळी तिने पाच-सहा घरांचं पाणी भरलेलं मी पाहिलंय. मग घामाने निथळत मैदानावर यायची आणि रेघेबाहेर उकिडवी बसून ओरडायची, "पय, मंगल, पय!" मी पळायचे. तिच्या आवाजात असं काही होतं, की पाय आपोआप उचलायचे. गावातले काही म्हातारे देवळाच्या पारावरून टोमणे मारायचे, की पोरी पळायला शिकल्या तर एक दिवस खरंच पळून जातील. अक्का हसून म्हणायची, "जावू द्या नाना, पन धावता तरी यी."

मला शाळेत घातलं तेही तिनेच. मला अजून पाच वर्षं पूर्ण व्हायची होती. आईला पुढच्या वर्षी बाळ होणार होतं, आणि एकदा का पाळण्याची दोरी माझ्या हातात आली, की माझी शाळा कायमची गेली, हे अक्काने ओळखलं. तिने माझा हात धरून मला गुरुजींसमोर उभं केलं. "पोरगी हुशार शे गुरुजी, लिखी ल्या." गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आमच्याकडे तारखा कोण लक्षात ठेवतो! आईला आठवत होतं ते एवढंच, की पोळ्याच्या दिवसांत. त्या काळी गावातल्या निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचा असायचा, तसा माझाही झाला. आणि सहा वर्षं भरावीत म्हणून अक्काने एक साल मागचं सांगितलं. गुरुजींनी लिहून टाकलं. कोणाचं काय बिघडलं? घरी येताना अक्काने मला दुकानातून गोळ्या घेऊन दिल्या.

बिघडलं ते आठ वर्षांनी. चौदा वर्षांखालच्या मुलींची जिल्ह्याची निवड जळगावात होती. मी त्या दिवशी जशी खेळले, तशी पुन्हा कधी खेळले नाही. निवडीच्या यादीत माझं नाव वाचलं गेलं. अक्काने मला उचलूनच घेतलं. मग टेबलामागच्या माणसाने कागद मागितले, बोटाने हिशेब केला आणि म्हणाला, सात महिन्यांनी मोठी आहे, चालणार नाही. अक्का त्याला समजावत राहिली, की हे साल खरं नाही, मीच सांगितलं होतं, चूक मनी शे, पोरीची नाही. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, मी तुमचं ऐकू का कागदाचं?" माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. ती पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागली, असं ऐकलं.

परतीच्या एसटीत अक्का माझ्या शेजारी बसली होती. तिने डब्यातली भाकरी पुढे केली. मी खिडकीकडे तोंड केलं आणि म्हटलं, की तू मला शाळेत घातलंच नसतंस तर बरं झालं असतं. तेरा वर्षांच्या मुलीला कळत नसतं, असं लोक म्हणतात. मला कळत होतं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. अक्काने डबा मिटला... मी पुन्हा मैदानावर गेले नाही. दोन-तीन दिवस ती आमचं पाणी भरून दारात हंडा ठेवून गेली. मी बाहेर आले नाही. पुढे शिकले, लग्न होऊन धुळ्याला आले. माहेरी जायचे, पण मैदानाकडची गल्ली टाळून. राग कधीच विरला होता. उरली होती ती लाज, आणि लाजेला रागापेक्षा जास्त आयुष्य असतं, हे माझ्यावरून सांगते.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगण धुऊन काढलं होतं. तिच्या खोलीत पंधरा-वीस मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या, काहींच्या पायांना मैदानाची माती तशीच. मी त्यांच्यात बसले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. गेरूने लिहिलेली नावं, वरपासून पार खालपर्यंत, आणि प्रत्येकीपुढे जन्माचा दिवस. एका मुलीने सांगितलं, की गावात पोरगी झाली की अक्का त्याच दिवशी येऊन बघून जायची, भिंतीवर लिहायची, मग ग्रामपंचायतीत नोंद होईपर्यंत बापाच्या मागे लागायची. दाखल्याचा कागद मिळाला तरी भिंतीवरचं नाव ती पुसायची नाही. "अक्का सांगे, कागद हरपस, भित कोठे जाई?"

सगळ्यात वर माझं नाव होतं. पुढे खरं साल, आणि लिहिलं होतं, 'पोळ्याचा दुसरा दिवस, गुरं सुटायच्या वेळी.' म्हातारी सुईण जिवंत होती तेव्हा अक्का तिच्याकडे चार खेपा घालून हे विचारून आली होती, असं भावाने नंतर सांगितलं. माझ्या आईलाही जे माहीत नव्हतं, ते तिने शोधून ठेवलं होतं.

आणि तेव्हा मला ते फोन आठवले. गेली सात-आठ वर्षं, वर्षातून एकदाच, सकाळी लवकर अक्काचा फोन यायचा. श्रावण संपून भाद्रपद लागता लागता कधीतरी. दर वर्षी वेगळी तारीख, त्यामुळे मला काही सुचलंच नाही. मला वाटायचं, तिला माफी मागायची असेल, आणि तिने माझी माफी मागावी हे मला सोसलं नसतं. मी फोन वाजू द्यायचे. एकदाच उचलला. ती म्हणाली, "मंगल, काही गोड करं का तू आज?" मी म्हटलं, अक्का, ऑफिसची घाई आहे, नंतर बोलते. ती "बरं, बरं" म्हणाली आणि तिनेच ठेवून दिला...

माझ्या सगळ्या कागदांवर अजून एक जूनच आहे. ऑफिसात त्या दिवशी पेढे वाटतात, मी खाते. यंदाचा पोळा चार दिवसांवर आला आहे. दुसऱ्या दिवसाची मी रजा टाकली आहे. सकाळी उठून शिरा करीन आणि फोन जवळ घेऊन बसेन. वाजणार नाही, हे मला माहीत आहे.