जुळणारा तक्ता

मुलांनो, मागच्या आठवड्यात तुम्ही तुमच्या डॉक्टरकीच्या पुस्तकातला भारतातल्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, प्रकारांचा तक्ता पाठवलात आणि विचारलंत, "आजी, यात तुमचं सोलापूरही असेल ना?" आहे. त्यातली आमची पानं मीच टाइप केली होती. म्हणून आमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट सरांबद्दल आता लिहायलाच हवं.

"दिसतं तेवढंच लिहायचं, बाई," हे ते रोज म्हणायचे, चष्मा कपाळावर सारून, डोळे मायक्रोस्कोपला लावून. मी लॅबमधली टायपिस्ट. तरी स्लाइड छान रंगली की मला हाक मारायचे. "या, बघा. सणासुदीतला नवी पेठेचा बाजार! पेशींना पाय ठेवायला जागा नाही."

डबाही तिथेच उघडायचे. मी ओरडले की म्हणायचे, "शेंगाचटणी स्लाइडवर सांडली तर नवा प्रकार सापडेल. तुमचं नाव देऊ त्याला." रडणाऱ्या नातेवाइकाची समजूत मात्र त्याच्याच भाषेत घालायचे, कन्नड असो की तेलुगू.

लिम्फोमाचे प्रकार पुष्कळ आणि उपचार वेगवेगळे. वर्षाअखेरीस आमची प्रकारवार यादी देशाच्या कॅन्सर नोंदणीसाठी जायची. सर म्हणायचे, "बघा बाई, आपला तक्ता देशाच्या तक्त्याशी तंतोतंत जुळतो!" मलाही त्याचा अभिमान होता.

मग सोलापूरजवळच्या होटगीचा एक रेल्वे कामगार आला. आमच्या रिपोर्टवरून त्याच्या आईवर चार महिने उपचार झाले होते. गुण येईना, म्हणून त्याने पुण्यात पुन्हा तपासून घेतलं होतं.

"म्याडम, तिकडं म्हनत्यात प्रकारच येगळा हाय. आईला दिलेलं इंजेक्शन त्याला लागूच न्हाय. मग हितं कशावरनं लिवलं?"

मी फाइल काढली. प्रकार ठरवणारी तपासणी झालीच नव्हती. फाइल सरांपुढे ठेवली.

"ती तपासणी आपल्याकडे कुठे होते? खात्री नसली की देशात सर्वांत जास्त आढळतो तो प्रकार लिहितो," ते म्हणाले. "रकाना रिकामा ठेवला तर यादी परत येते, बाई."

"दिसतं तेवढंच लिहायचं ना, सर?"

त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. देशाच्या तक्त्यावरूनच भरलेला आमचा तक्ता त्याच्याशी जुळणारच होता. त्यांचे अंदाज मी इतकी वर्षं नीटनेटके टाइप करून खरे ठरवत आले होते.

त्या आईला योग्य औषध मिळालं, पण उशिरा. त्या गेल्या. मी नोंदणी कार्यालयाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. सर निवृत्त झाले, पुढे वारले. मी शेवटपर्यंत भेटायला गेले नाही.

पेशंटच्या गाठींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवून ठेवतात. ते सगळे लॅबच्या तळघरात शाबूत आहेत. आजही ते तपासून प्रत्येकाचा खरा प्रकार ठरवता येईल.