गाडी मीच ठोकली

गाडी थोरलीनं ठोकली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं यावर पुष्कळ घोळ होणार आहे. ठोकली म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. सिग्नलला पुढची गाडी थांबली, हिची थांबली नाही. पुढच्या गाडीचा मागचा दिवा फुटला आणि बंपर आत गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण इतकी वर्षं लॉन्ड्रीची व्हॅन चालवून जिनं तिला एक ओरखडा येऊ दिला नव्हता, तिच्या हातून हे झालं, आणि तेही नेमकी धाकटी जाऊ शेजारी बसलेली असताना.

लॉन्ड्री घरचीच. खाली यंत्रं, वर राहायच्या खोल्या. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाठोड्यांनी यायचे आणि कडक घड्या होऊन परत जायचे. धुलाई थोरल्या भावाकडं, इस्त्री धाकट्याकडं, गल्ल्यावर सासूबाई, आणि गाडी थोरलीकडं. कुठल्या हॉटेलचं मागचं दार किती वाजता उघडतं, कुठला रखवालदार गाडी आत घ्यायला कटकट करतो, कुठं जिना अरुंद म्हणून गाठोडं डोक्यावरच घ्यावं लागतं, सगळं हिला पाठ. गाडीची किल्ली ती कमरेला लावून फिरायची. एखादी बाई दागिना मिरवते तशी मिरवायची म्हणा ना.

मग धाकटी लग्न होऊन आली. शिकलेली, बोलायला गोड, आणि गाडी आधीपासूनच येत असलेली. सासूबाई म्हणाल्या, जात जा थोरलीबरोबर, तिला मदत होईल. मदत राहिली बाजूला, थोरलीच्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली. जे मॅनेजर तिला इतकी वर्षं 'ओ लॉन्ड्री' म्हणून हाक मारायचे, तेच धाकटीला मॅडम म्हणायला लागले. गाठोडं उचलायला हिच्यासाठी माणसं धावायला लागली. थोरलीसाठी धावली होती का कधी कुणी? नाव नको.

तेही तिनं गिळलं असतं. गिळवत नव्हतं ते घरातलं. सासूबाईंची जीभ म्हणजे दुधारी, आणि तिची धार रोज थोरलीवरच चालायची. चहा पाणचट झाला, बोला थोरलीला. अभ्र्यांची मोजणी चुकली, बोला थोरलीला. एकदा इस्त्रीवर तिच्या हातून हॉटेलचा पडदा करपला, तर सासूबाई आठवडाभर त्या पडद्याचं सुतक पाळल्यासारख्या बोलत होत्या. आणि धाकटीच्या हातून टॉवेलांचा अख्खा ढीग रंगीत कपड्यांत जाऊन गुलाबी झाला, तेव्हा काय म्हणाल्या? 'असू दे गं, होतं असं. तू बस जरा.' थोरली तेव्हा पलीकडं चादर पिळत होती. तिनं ती चादर अशी पिळली की फाटायचीच बाकी राहिली.

तर तो दिवस. सिग्नलकडं जाताना फोन वाजला, धाकटीचा. मोठ्या हॉटेलचा मॅनेजर होता. उद्यापासून गाठोड्यांचं काय ते तुमच्याशीच बोलत जाईन, असं काहीतरी तो म्हणत होता. धाकटी 'हो, हो, चालेल' म्हणत हसत होती. त्या हॉटेलचं काम मिळवायला थोरलीनं एके काळी त्याच्या मागच्या दाराशी चपला झिजवल्या होत्या. तिचे कान तिकडं लागले, मग डोळेही तिकडं गेले, आणि पुढची गाडी थांबल्याचं जेव्हा दिसलं तेव्हा काचेचा आवाज होऊनही गेला होता.

पुढच्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. दातांचे डॉक्टर. ते ओरडले नाहीत, नुसते फुटक्या दिव्याकडं बघत उभे राहिले. कोपऱ्यावरचा हवालदार वही काढत आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला तो हाच, की गाडी कोण चालवत होतं.  थोरलीचं लायसन्स संपून काही महिने झाले होते. नवीन करायचं म्हणून रोज ठरवायची आणि रोज गाठोडी पुढ्यात यायची. ती ओठ हलवते न हलवते तोच धाकटी पुढं झाली.

'मी चालवत होते साहेब,' ती म्हणाली. 'चूक माझीच.'

डॉक्टर उतरेपर्यंत दोघी खाली उतरलेल्या होत्या, त्यामुळं कोण कुठं बसलं होतं ते पाहणारं कुणी नव्हतं. हवालदारानं धाकटीचं लायसन्स घेतलं, तिचं नाव लिहिलं, आणि उद्या सकाळी दोन्ही बाजूंनी चौकीवर या म्हणून सांगितलं. आता खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरलीचा जीव भांड्यात पडला. मेलीनं वाचवलं आपल्याला, असंच तिला वाटलं. पण हे वाटणं टिकलं कुठवर, तर गाडीच्या दारापर्यंत. धाकटी सरळ चालकाच्या जागेवर बसली, कारण आता तीच चालक होती ना. आणि थोरली इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसली. पाय कुठं ठेवावेत ते तिला घर येईपर्यंत कळलं नाही.

घरी पोचल्यावर धाकटीनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, आई, माझ्याकडून गाडी ठोकली गेली. थोरलीनं तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं, पण सासूबाई एवढ्या लगबगीनं उठल्या की ते उघडंच राहिलं. धाकटीला खुर्चीत बसवलं. पाठीवरून हात फिरवला. लागलं तर नाही ना, घाबरलीस का, गाडीचं काय एवढं, गाडी लोखंडाची आहे. गरम दूध आलं. आणि ते दूध करायला कुणाला सांगितलं, हे वेगळं सांगायला नको. थोरलीनं ते केलं, साखर घातली, ढवळलं, आणि धाकटीच्या हातात नेऊन दिलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

विचार करा. इतकी वर्षं गाडी नीट चालवली त्याचं कुणाला काही नाही, आणि ठोकल्यावर दूध! तेही ठोकली हिनं आणि दूध तिला. कामातलं श्रेय लोक पळवतात हे थोरलीला माहीत होतं. पण या बाईनं आपली चूकसुद्धा पळवली, आणि त्याच्यावर लाड करून घेतले. स्वयंपाकघरात ती एकटीच पातेल्याशी बोलत राहिली. आपली चूक आपल्याला परत पाहिजे, हे तिनं तिथंच ठरवलं. लायसन्सचं जे व्हायचं ते होवो, किल्ली जाते तर जावो. ही एवढी एक गोष्ट ती धाकटीला पचू देणार नव्हती.

सकाळी सासूबाईंनी जखमेवर आणखी मीठ चोळलं. थोरलीला म्हणाल्या, तू जा तिच्याबरोबर, एकटीला पाठवू नकोस, बिचारी गांगरेल.

चौकी म्हणजे एक खोली. टेबल, दोन बाकं, कोपऱ्यात पकडून आणलेल्या सायकली एकावर एक. डॉक्टर आधीच येऊन बसले होते आणि त्यांना दवाखाना उघडायची घाई होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की दिवा आणि बंपर करून द्या, बाकी मला काही नको. हवालदारालाही तेच हवं होतं. त्यानं जबाब वाचून दाखवला, धाकटीला म्हणाला, सही करा आणि सुटा. धाकटीनं पेन उचललं.

'तिनं नाही चालवली,' थोरली म्हणाली. 'मी चालवत होते.'

हवालदारानं वर पाहिलं. मग धाकटीकडं पाहिलं. धाकटी म्हणाली, नाही साहेब, ताई मला वाचवायला बोलतायत, मीच होते. थोरली म्हणाली, हिला वाचवायला मी कशाला बोलू, माझं लायसन्स संपलंय म्हणून ही खोटं बोलली. धाकटी म्हणाली, मीच होते. थोरली म्हणाली, हिला विचारा, सिग्नलला ही फोनवर बोलत होती, फोनवर बोलणारी गाडी चालवेल का? हे मात्र बिनतोड होतं.  डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. चूक माझी नाही म्हणून भांडणारे चौकीनं ढिगानं पाहिले असतील, पण माझीच आहे म्हणून एकमेकींच्या अंगावर जाणाऱ्या या दोघी पहिल्याच असाव्यात.

हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि धाकटीला विचारलं, की बाई, पोलिसाला खोटं सांगितलंत, हा गुन्हा आहे, कळतंय ना? कशासाठी केलंत? जावेवर एवढा जीव आहे?

थोरली तोंड वाकडं करून भिंतीकडं बघायला लागली. आता ही गोड गोड काहीतरी बोलणार, आणि हा हवालदारही हिला मॅडम म्हणणार, हे तिला ठाऊक होतं.  पण धाकटी बोलली ती हवालदाराशी नाही.

'आई तुम्हाला बोलतात, ताई,' धाकटी म्हणाली. 'चहावरून बोलतात, पडद्यावरून बोलतात. मला एकदाही नाही बोलल्या. पाहुणी आल्यासारखं बस म्हणतात, खा म्हणतात. मी इतके टॉवेल नासवले, तरी नाही. म्हटलं, गाडी ठोकली म्हटल्यावर तरी बोलतील. घरच्यासारखं. तर दूध दिलं.'

एवढं बोलून तिनं नाक पुसलं, बाहीनं, अगदी लहान पोरीसारखं. थोरली तिच्याकडं बघत राहिली. आता इथं थोरलीला पाझर फुटला, दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, असं सांगायला कुणाला आवडणार नाही? पण तसं झालं नाही. थोरलीला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायची लाज वाटावी असं होतं. तिला बरं वाटलं. आत कुठंतरी गार गार वाटलं. म्हणजे ही आपल्यावर जळत होती! आपण हिच्या दुधावर जळत होतो आणि ही आपल्या शिव्यांवर. तिनं पदरात पडलेलं सुख क्षणभर मनातल्या मनात चाटूनपुसून खाल्लं. दया आली ती त्याच्या नंतर.

हवालदार भला माणूस निघाला, किंवा कंटाळलेला. दोघींना उभं करून त्यानं चांगलं झापलं. पहिला जबाब रद्द करून नवा लिहिला, थोरलीला संपलेल्या लायसन्सचा दंड केला, आणि नवीन होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून दम भरला. डॉक्टरांना दिवा आणि बंपर भरून देण्याचं ठरलं. थोरलीनं कमरेची किल्ली काढली आणि धाकटीला दिली. देताना जड गेलं, नाही असं नाही. धाकटी गाडी छान चालवत होती. वळणावर मागची गाठोडी जागची हलतसुद्धा नव्हती. थोरलीनं ते पाहिलं आणि अवाक्षर काढलं नाही. एवढं मोठं मन कुणाचं असतं?

घरी सासूबाई दारातच उभ्या. काय झालं म्हणून विचारायला त्यांना सवड मिळायच्या आतच थोरलीनं सगळं सांगून टाकलं. गाडी मी ठोकली, लायसन्स संपलं होतं, डोळे रस्त्यावर नव्हते. आणि सासूबाई सुरू झाल्या. डोळे कपाळात आहेत की टाळूवर, एवढी घोडी झालीस तरी अक्कल नाही, लायसन्स संपल्याचं सांगायला तोंड नव्हतं का. थोरली मुकाट्यानं ऐकत होती. इतकी वर्षं जे ऐकून तिचं रक्त आटायचं, तेच आज तिला घरी आल्यासारखं वाटत होतं. तिनं हळूच शेजारी पाहिलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, हातात किल्ली, आणि तिच्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. ती सासूबाईंच्या तोंडाकडं ज्या नजरेनं बघत होती, ती नजर थोरलीनं ओळखली. ती तिची स्वतःचीच होती.

थोरली एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, 'मलाच काय बोलताय आई. हिनं पोलिसाला खोटा जबाब दिला. त्याला विचारा, आत टाकणार होता हिला.'

सासूबाईंचं तोंड जागीच थांबलं. मग त्या वळल्या, आणि जे काही सुटल्या म्हणता! भवाने, पोलिसाशी खोटं बोलतेस, घरादाराला चौकीवर बसवायला निघालीस, चार बुकं शिकलीस म्हणून डोक्यावर बसलीस का, आणि काल माझ्याकडून दूध उकळून प्यायलीस ते वेगळंच. वर म्हणाल्या, उद्यापासून टॉवेल तू मोजायचेस, आणि एक जरी कमी आला तर बघ. धाकटीनं मान खाली घातली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओठ दाबून दाबूनही हसू मावत नव्हतं. सासूबाईंना वाटलं ही उलट हसते, म्हणून त्या आणखीच भडकल्या.

थोरली चहा टाकायला आत गेली. पाणी उकळलं, पावडर घातली, दूध घातलं, तरी बाहेरचा आवाज थांबेना. चांगलं केलं आपण, असं ती स्वतःला सांगत होती, आणि चांगलं केलंही होतं. पण भवानी म्हणाल्या होत्या. इतक्या वर्षांत तिला त्यांनी काय काय म्हटलं होतं, पण भवानी कधी म्हटलं नव्हतं. आणि एवढा वेळ तर त्या तिला कधीच बोलल्या नव्हत्या, पडद्यासाठीसुद्धा.